मेंढीच्या वर्षातले दोघं

इनग्यूचं गणित अगदी सोपं होतं. थेसिकला वजडी भाजता येते. चानगिलला तांदळाची दारू गाळता येते. आणि जॉनपोच्या आतल्या गल्लीतलं बोल्ट-नटचं दुकान रिकामं होतंय, तेच घ्यायचं. दोघांना एका टेबलाशी बसवायचं, चार घास, चार घोट पोटात जाऊ द्यायचे, आठ वाजता दुकानाचे मालक आजोबा आले की तिघांनी मिळून हो म्हणायचं. संपलं. यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच.

आजोबांना घाई होती. ही गल्ली पूर्वी सगळी अवजारांची, बेअरिंगांची, पाइपांची. आता एकाआड एक दार कॉफीचं, वाइनचं, नाहीतर त्या यंत्रांचं, ज्यांच्यासमोर पोरंपोरी डोक्याला सशाचे कान लावून उभी राहतात आणि चार फोटोंची पट्टी घेऊन खिदळत बाहेर पडतात. असाच एक यंत्रवाला आजोबांच्या मागे लागला होता. त्याला उद्या सकाळी उत्तर हवं होतं. पण आजोबांच्या बायकोने थेसिकच्या हातची वजडी खाल्ली होती आणि त्या घरात तिचं चालायचं. म्हणून आजोबा म्हणाले होते, आज तुम्हा तिघांना एकत्र बघतो, मग ठरवतो.

शुक्रवार होता. पोट दुखतंय म्हणून सांगून इनग्यू ऑफिसातून लवकर सटकला आणि मावशीच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल धरून बसला. मावशी म्हणजे कोणाचीच मावशी नाही. वजडी विकते म्हणून गल्लीभर मावशी. बाहेर आत्ताच रांग लागली होती आणि सगळे आल्याशिवाय टेबल मिळणार नाही असा तिचा नियम होता. इनग्यूने दोघं पोचतच आहेत असं सांगून तिच्या शिव्या खाल्ल्या. कोट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून खुर्चीखाली सारला, नाहीतर सोमवारपर्यंत अंगाला धुराचा वास.

थेसिक शाळेपासूनचा. एका बाकावर बसलेले, एकमेकांची आई काढली तरी राग न येणारे. पस्तिशीला टेकला तरी अजून दुसऱ्याच्याच चुलीवर राबत होता. चानगिल कॉलेजातला, इनग्यूच्या एक वर्ष मागे. इनग्यूला दादा म्हणायचा आणि अगदी मनापासून म्हणायचा. रात्री अडीचला फोन केला तरी हो दादा, आलो दादा. दोघं एकमेकांना कधीच भेटले नव्हते. इनग्यूने थेसिकला सांगितलं होतं की पोरगा लहान आहे, शब्दात राहील. चानगिलला सांगितलं होतं की थेसिक माझ्या वर्गातला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की धूर निघतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सुरुवात तर इतकी छान झाली की इनग्यूला स्वतःचंच कौतुक वाटलं. चानगिलने वाकून नमस्कार केला. थेसिकने विचारलं, अरे-तुरे केलं तर चालेल ना, आणि चानगिल म्हणाला, अहो दादा, विचारता काय. लहान म्हणून चिमटा आणि कात्री त्यानेच हातात घेतली. थेसिकचे हात शिवशिवत होते, स्वतःच्या पुढ्यात दुसऱ्याने मांस भाजलेलं त्याला बघवत नाही, पण तो मोठेपणाने मागे टेकून बसला आणि नुसता सांगत राहिला. आता उलट. आता काप. अजून बारीक. हो दादा, हो दादा. थेसिक एका हाताने ओतायचा, चानगिल दोन्ही हातांनी ग्लास धरायचा आणि तोंड बाजूला वळवून प्यायचा, जसं मोठ्यांसमोर प्यायचं असतं. मग चानगिलने पिशवीतून स्वतः गाळलेली बाटली काढली, मावशीची नजर चुकवून थेसिकच्या वाटीत ओतली, आणि थेसिकने ती जिभेवर घोळवून वाटी पुन्हा पुढे केली. मग म्हणाला, की हिच्यासोबत वजडी जरा जास्त कुरकुरीत हवी. चानगिलचे डोळे चमकले. दोघं असे बोलायला लागले की इनग्यू मधे आहे हे विसरूनच गेले. इनग्यू खूश. तो किमची खात बसला.

तेवढ्यात मावशी वजडी गुंडाळून खायची हिरवी पानं ठेवायला आली.

"तुझं लग्न कसं जमत नाही रे अजून," ती थेसिकला म्हणाली. "जन्माचं वर्ष कुठल्या प्राण्याचं तुझं?"

"मेंढीचं." तोंडात घास होता. विचार न करता बोलला.

"मेंढीवाल्यांना यंदा बरं आहे म्हणतात," मावशी म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. काडी टाकून गेली, तिला पत्ताही नाही.

चानगिलचा चिमटा हवेतच थांबला.

"मेंढीचं वर्ष?"

"हं."

"मी पण मेंढीच्याच वर्षातला."

इनग्यूने घाईघाईने ग्लास उचलून चला प्यायचं का असं विचारलं. कोणीच उचलला नाही.

भानगड अशी होती. दर वर्षाला एक प्राणी, बारा वर्षांनी पुन्हा तोच; एकाच वर्षातले ते मित्र, एका वर्षानेही मोठा तो दादा. थेसिक फेब्रुवारीतला. त्या काळी जानेवारी-फेब्रुवारीतल्या पोरांना एक वर्ष आधी शाळेत घ्यायचे. म्हणून तो इनग्यूच्या वर्गात आला, जे सगळे त्याच्या आधीच्या वर्षी जन्मलेले, घोड्याच्या वर्षातले. चानगिल ऑक्टोबरचा. तो आपल्या वेळेवर शाळेत गेला, एक वर्ग मागे. म्हणजे वर्ग बघितला तर थेसिक मोठा, वर्ष बघितलं तर दोघं बरोबरीचे. देशातल्या सगळ्या फेब्रुवारीवाल्यांनी हा घोळ घालून ठेवलाय. शहाणी माणसं पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेतात. इनग्यूने विचारून घेतलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, दारू आणि वजडी आहे, वय कोण विचारतंय.

चानगिलने चिमटा खाली ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला. पण ठेवला.

"मग आपण मित्रच की," तो म्हणाला, आणि ग्लास एका हाताने पुढे केला.

थेसिकने त्या एका हाताकडे बघितलं. जणू कोणी चप्पल पुढे केलीय. तो हसतच म्हणाला की मी शाळेत एक वर्ष आधी गेलोय. चानगिल हसतच म्हणाला की शाळा संपून बरीच वर्षं झाली. मग दोघंही हसायचे थांबले.

"हे बघ," थेसिक म्हणाला. "हा इनग्यू तुझा दादा. बरोबर? आणि हा माझा मित्र. आता तू माझा मित्र झालास, तर माझ्या मित्राचा मित्र माझ्या मित्राला दादा म्हणणार? मग मीही ह्या माकडाला दादा म्हणू का?"

"तुम्ही काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा," चानगिल म्हणाला. तो पुन्हा अहो-जाहोवर गेला होता, पण हे अहो आदराचं नव्हतं. बँकेत अनोळखी माणसाशी बोलतात तसलं होतं. "मी माझ्याच वर्षाच्या माणसाला दादा म्हणत नाही. कॉलेजात एकाला म्हटलं होतं. त्याने दोन वर्षं माझ्याकडून चपला आणवल्या."

"मी कुठे चपला आणायला सांगतोय?"

"आता उलट, आता काप, अजून बारीक. अजून काय राहिलं होतं?"

इकडे वजडी करपायला लागली. चिमटा टेबलाच्या मधोमध पडलेला आणि कोणी हात लावेना. जो उचलेल तो लहान ठरणार. जन्मभर भाजण्यात गेलेला माणूस डोळ्यांसमोर मांस जळताना बघत हाताची घडी घालून बसला होता. शेवटी इनग्यूनेच उठून चिमटा घेतला. तिघांत सगळ्यात मोठा तो आणि भाजत बसला तोच. मावशीने लांबून बघितलं आणि ओरडली की कोणी लहान नाही का रे टेबलावर. इनग्यूला ती जाळी उचलून स्वतःच्याच डोक्यावर मारून घ्यावीशी वाटली.

त्याने काय काय करून बघितलं. म्हणाला, सरकारने आता वय नववर्षाऐवजी वाढदिवसापासून मोजायला सांगितलंय, तसं मोजूया. थेसिक लगेच खुलला. फेब्रुवारी होऊन गेलाय, ऑक्टोबर यायचाय, म्हणजे मी मोठा. चानगिल म्हणाला, छान, म्हणजे फेब्रुवारी ते ऑक्टोबर तुम्ही दादा आणि ऑक्टोबर लागला की मित्र, पाटी लावा दुकानावर. इनग्यू म्हणाला, बरं, सैन्यात तर सगळ्यांनाच जावं लागतं, आधी कोण गेलं ते बघू. तर चानगिल कॉलेजचं पहिलं वर्ष संपताच गेलेला आणि थेसिक हॉटेलात रमल्यामुळे चांगला उशिरा. म्हणजे तिथे चानगिल वरचा. आता चानगिल मागे टेकून बसला आणि थेसिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थेसिक म्हणाला की सैन्यातलं सैन्यात राहतं. चानगिल म्हणाला की मग शाळेतलं शाळेत राहू द्या.

टेबलाची वेळ संपली म्हणून मावशीने त्यांना उठवलं. पुढची फेरी समोरच्या बिअरच्या दुकानात. तिथून बोल्टचं दुकान अगदी समोर दिसतं, म्हणून इनग्यूने मुद्दाम तेच ठरवलं होतं. गल्ली आता भरली होती. माणसं फोनवर रांगेतला नंबर बघत उभी, कोणाच्या हातात फुलं, कोणी आत्ताच इतकं प्यायलेलं की भिंतीला टेकून फोनवर रडतंय. दोन मिनिटांचा रस्ता. त्यातही थेसिक पुढे आणि चानगिल चार पावलं मागे, आणि मधे इनग्यू, दोघांकडे बघून हसत, मागच्या-पुढच्या डब्यांना जोडणाऱ्या साखळीसारखा करकरत.

बसायच्या वेळी पुन्हा तेच. भिंतीकडची जागा मोठ्याची. दोघं उभे. वेटर पोरगी तीन मेनू घेऊन उभी. इनग्यूने दोघांना खांद्याला धरून एका बाजूला शेजारी-शेजारी बसवलं आणि स्वतः भिंतीकडे गेला. सुकवलेले मासे आले, बिअर आली. दोघांनी आपापली ओतून घेतली. स्वतःची स्वतः, जसं सोबत पिताना कोणी करत नाही. म्हणजे आता मैत्रीही नको होती.

इनग्यूचा आवाज चढायला लागला होता. तो म्हणाला की तुम्हाला अक्कल आहे का. समोर दुकान आहे. अशी जागा ह्या गल्लीत पुन्हा मिळणार नाही. तुझी वजडी आणि ह्याची दारू, अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच एकमेकांच्या गळ्यात पडत होतात. ह्या देशात सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं असतं तर बरं झालं असतं.

"दारूबद्दल मी काही बोललोच नाही," थेसिक म्हणाला. "दारू चांगलीच आहे."

"वजडीबद्दल मीही नाही बोललो," चानगिल म्हणाला.

"मग?" इनग्यूने विचारलं.

"मग काय, मी त्याला रोज हाक काय मारू?" थेसिक म्हणाला.

"आणि मी ह्यांना काय मारू?"

इनग्यूने कपाळ टेबलावर टेकवलं. टेबल चिकट होतं.

आठ वाजायच्या आधीच आजोबा आले. पाठीला बॅडमिंटनची पिशवी, डोक्यावर टोपी. तिघंही ताडकन उठून वाकले. निदान ह्याबाबतीत कोणाला शंका नव्हती. आजोबा भिंतीकडे बसले, माशाचा तुकडा तोंडात टाकला, तो चावून होईपर्यंत एकेकाला निरखून बघितलं. तिघंही तोंड वळवून प्यायले. मग आजोबा म्हणाले की बायकोने सांगितलंय म्हणून आलोय, पण मला भागीदारीची भीती वाटते. भागीदारीत सगळ्यांना वाटतं शटर दुसरा उघडेल. यंत्र निदान स्वतःहून चालू होतं.

"मी एकाशीच बोलणार," ते म्हणाले. "तुमच्यात मोठा कोण?"

झालं. ज्या प्रश्नाला इनग्यू संध्याकाळभर घाबरत होता, तोच. त्याने डोळे मिटून घेतले.

"हा," थेसिक म्हणाला.

"हे," चानगिल म्हणाला.

इनग्यूने डोळे उघडले. दोघांची बोटं त्याच्याकडे होती. संध्याकाळभरात पहिल्यांदा दोघं एक बोलले होते. आणि खरंच होतं ते. वर्ष मोजा, वर्ग मोजा, कसंही मोजा, मोठा तोच होता. त्याच्याबद्दल कोणी वादच घातला नव्हता.

"मग तूच बोल," आजोबा म्हणाले. "कंपनी कधी सोडलीस?"

इनग्यूने ग्लास उचलला. रिकामा होता. तरी प्यायला.

दोघांना त्याने सांगितलं होतं की ह्या महिन्याअखेर राजीनामा. साहेबांना त्याने काहीच सांगितलं नव्हतं. पोट दुखतंय एवढंच. त्याच्या डोक्यात होतं की आधी ह्या दोघांचं जमू दे. एकदा जमलं की दुकान हेच चालवतील, आपण शनिवार-रविवार येऊ, गल्ल्यावर बसू, लोकांना सांगू की आमचं दुकान. हे त्याने स्वतःलाही इतक्या स्पष्टपणे कधी सांगितलं नव्हतं. आत्ता आजोबांच्या तोंडाकडे बघताना ते एकदम लख्ख दिसलं आणि अजिबात चांगलं दिसलं नाही.

खोटं बोलता आलं असतं. आजोबा कुठे ऑफिसात जाऊन विचारणार होते.

"नाही सोडली," तो म्हणाला. "सांगितलंच नाहीये अजून."

थेसिकने ग्लास खाली ठेवला. चानगिल इनग्यूकडे वळला. कॉलेजपासूनची सगळी वर्षं, सगळे हो दादा, आलो दादा, त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरताना दिसत होते.

"इनग्यू," चानगिल म्हणाला.

नुसतं नाव. पुढे दादा नाही, काही नाही. इनग्यूला कानाखाली बसल्यासारखं झालं.

"तू संध्याकाळभर आम्हाला अक्कल शिकवत होतास. मी माझी खोली सोडलीय. सामान ताईकडे नेऊन टाकलंय. तू पोट दुखतंय म्हणून आलास?"

"मी हॉटेलात सांगून टाकलंय," थेसिक म्हणाला, पण चानगिलकडे बघून. "मला म्हणाला होता, मीही सोडतोय, घाबरू नकोस."

"मलाही हेच म्हणाला."

"शाळेतही असाच होता हा. दोघांना भिंतीवरून उडी मारायला लावायचा आणि स्वतः खाली उभा."

"तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, सुधारला असेल."

तू. दोघंही तू. कोणाच्याही लक्षात आलं नाही, फक्त इनग्यूच्या आलं, आणि त्याला बोलायची सोय नव्हती. ज्या गोष्टीसाठी त्याने संध्याकाळभर जीव काढला ती झाली होती, आणि ती त्याला मधून काढल्यावर झाली होती. तो दादा उरला नाही, तसे तिघं आपोआप एका रांगेत आले.

आजोबा टोपी उचलायला लागले. म्हणाले की बायकोला सांगतो, पोरं चांगली आहेत, पण.

"शटर मी उघडतो," थेसिक म्हणाला. "वजडी धुवायला तसंही सकाळी यावं लागतं."

"बंद मी करतो," चानगिल म्हणाला. "पिणारे शेवटीच उठतात."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"चालेल तुला?"

"चालेल."

आजोबांनी अजून एक माशाचा तुकडा घेतला. तो त्यांनी इतका सावकाश चावला की इनग्यूला ओरडावंसं वाटलं. शेवटी त्यांनी त्याच्याकडे हनुवटी वळवली.

"आणि हा?"

"हा भांडी घासेल," थेसिक म्हणाला.

"आधी राजीनामा," चानगिल म्हणाला. "मग भांडी."

आजोबा हसले नाहीत, पण खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले की चला, आत बघून घ्या, पंखा खराब आहे तो आत्ताच सांगतो, मागाहून कुरकुर नको. आजोबा आणि ते दोघं उठून रस्ता ओलांडून गेले. किल्ली थेसिकच्या हातात गेली, त्याने ती लावली, अडकली, चानगिलने खालून शटरला गुडघा दिला आणि शटर कर्कश ओरडत वर गेलं. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी वळून बघितलं.

इनग्यू टेबलाशी एकटाच. अपमान झाला होता. बरोबर झाला होता, हे त्याहून वाईट. त्याने फोन काढला. साहेबांना लिहिलं की सोमवारी सकाळी दहा मिनिटं हवी आहेत, महत्त्वाचं आहे. पुसलं. पुन्हा लिहिलं. समोरच्या दुकानात दिवा लागला होता आणि आतून दोघांचे आवाज येत होते, चूल दारात की मागे, थेसिक दारात म्हणत होता, चानगिल म्हणत होता की मग माणसं बसणार कुठे, तुझ्या डोक्यावर? इनग्यूने पाठव दाबलं. साहेबांचं उत्तर लगेच आलं, पोट कसं आहे म्हणून. त्याने फोन उलटा ठेवला.

"इनग्यू!" चानगिल दारातून ओरडला. हातात आजोबांचा मोजायचा पट्टा होता. "बसलायस काय, दुसरं टोक धरायला ये."

इनग्यू रस्ता ओलांडून गेला. राग आला होता आणि तो नक्की कोणावर काढायचा ते सुचत नव्हतं.

"सोमवारी बोलतोय साहेबांशी," तो म्हणाला. "पाठवलाय मेसेज. आता दादा म्हण."

चानगिलने फोन मागून घेतला, मेसेज वाचला, थेसिकला दाखवला.

"म्हणू का रे परत?" त्याने थेसिकला विचारलं.

थेसिकने पट्ट्याचं टोक इनग्यूच्या हातात दिलं. "नको," तो म्हणाला. "हा दादा झाला की आपलं पुन्हा सुरू होईल. राहू दे असाच."

"अरे पण मी मोठा आहे," इनग्यू म्हणाला.

"पट्टा ताण," थेसिक म्हणाला. "झोळ पडलाय."